आगोटीच्या यादीत प्रायव्हेट की

मे संपत आला की आमच्या घरी आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, यादी निघते. लाकडं आणि शेणी पडवीत रचून झाल्या का, मिठाची गोण आली का, सोडे-सुकट परत एकदा उन्हं दाखवून डब्यात गेले का, पन्हळी साफ झाल्या का, पश्चिमेच्या अंगाला झापं बांधली का. यादी आईची, दरवर्षी तीच असते आणि दरवर्षी ती मोठ्याने वाचून दाखवते. २०२१ नंतर त्यात शेवटी माझी एक ओळ वाढलीय, वेबसाइटच्या सर्टिफिकेटचा बॅकअप. आईला आता तो शब्द पाठ झालाय, "तुझं ते सर्टिफिकेटाचं झालं काय रे?" म्हणून विचारते, आणि ते झालेलं असलं की मला खरंच बरं वाटतं.

२०२१ ला काय झालं ते सांगतो. मामाचं चिपळूणच्या बाजारात पंप, पाइप आणि शेतीच्या सामानाचं दुकान आहे. आजूबाजूच्या गावातले छोटे दुकानदार ऑर्डर टाकायचे ती साइट मी करून दिली होती, दुकानाच्या मागच्या खोलीत एक विंडोज सर्वर, त्यावर आयआयएस हा साइट चालवणारा प्रोग्रॅम, इंटरनेटवरचा कायमचा पत्ता म्हणजे स्टॅटिक आयपी, आणि एक वर्षाचं विकत घेतलेलं एसएसएल सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी तीच आहे हे ब्राउझरला पटवणारा दाखला. २२ जुलैला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारात शिरलं आणि पुरुषभर उंचीच्या वर गेलं. मामा-मामी वरच्या मजल्यावर होते, सुखरूप राहिले, याच्यापुढे बाकी काही मोठं नाही. पण खालचं सगळं गेलं. सर्वर गाळात आडवा पडलेला मिळाला.

डेटाचा बॅकअप होता बरं का. रोज रात्री विक्रीचा सगळा डेटा एका हार्ड डिस्कवर जायचा आणि मामा ती घरी न्यायचा, त्यामुळे हिशोब वाचला. साइटच्या फाइल माझ्याकडे गावाला होत्याच. चार दिवसांनी आमच्याकडे नेट स्थिर झालं तेव्हा भाड्याचा एक सर्वर घेतला, साइट चढवली, डेटा चढवला, आणि ईमेलमधून सर्टिफिकेटची फाइल काढली, ती तर विकत घेतली तेव्हाच मेलवर आलेली होती. आयआयएस मध्ये टाकली, यादीत नाव दिसलं, मला वाटलं झालं. रिफ्रेश केलं तर नाव गायब. परत टाकलं, परत गायब. तीनदा केलं मी हे, आणि तिसऱ्यांदा कळलं की माझ्याकडे जे आहे ते सर्टिफिकेट आहे, त्याची प्रायव्हेट की, म्हणजे ते वापरायला लागणारी गुप्त किल्ली, त्या गाळातल्या डिस्कवर होती आणि जगात दुसरीकडे कुठेच नव्हती.

सर्टिफिकेट हे सातबाऱ्यासारखं आहे. उतारा कोणीही ऑनलाइन काढून बघू शकतो, बघावा म्हणूनच तो असतो, पण उतारा हातात आला म्हणून जमीन तुमची होत नाही. तसंच सर्टिफिकेट तुमचा सर्वर येणाऱ्या प्रत्येक ब्राउझरला स्वतःहून दाखवत असतो, शिवाय सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीच्या सार्वजनिक नोंदवह्यांत ते नोंदलेलं असतं, ते हरवलं तरी हरवत नाही. तुमचं एकट्याचं असं त्यात एकच, ती की. ती सर्वरवर जन्माला येते आणि तिथेच राहते, देणाऱ्या कंपनीकडे ती नसते, त्यांना फोन करून मागितली तरी त्यांच्याकडून मिळणार नाही, आणि मिळायलाही नको.

मग रीइश्यू, म्हणजे तेच सर्टिफिकेट नव्याने काढून घेणं. देणाऱ्या कंपनीने सांगितलं की नवा सीएसआर, म्हणजे सर्टिफिकेटचा अर्ज, पाठवा, पैसे नाहीत, उरलेल्या मुदतीचं सर्टिफिकेट लगेच देतो, फक्त डोमेन, म्हणजे साइटचं नाव, तुमचंच आहे हे परत सिद्ध करा. त्याचा मेल जाणार ठरावीक पत्त्यांवर, अॅडमिन, अॅडमिनिस्ट्रेटर, वेबमास्टर, होस्टमास्टर नाहीतर पोस्टमास्टर ॲट तुमचं डोमेन, आणि त्या डोमेनचा मेल सर्वर म्हणजे तोच बुडालेला सर्वर! दुसरा रस्ता डीएनएस मध्ये, म्हणजे ते नाव कुठल्या सर्वरकडे जातं त्या वहीत, नोंद घालायचा, पण डोमेन जिथून घेतलं तिथलं लॉगिन करायला ओटीपी जाणार दुकानाच्या मोबाइलवर, जो गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये होता आणि ड्रॉवर पाण्यात. नवं सिम मिळायला चिपळुणात तेव्हा दुकान तरी उघडं हवं ना. सगळं होऊन साइटवर कुलूप दिसलं तो दिवस २ ऑगस्ट. अकरा दिवस. आणि त्या अकरा दिवसांत अख्ख्या बाजाराला गाळ उपसायला पंप हवे होते. मामाचा माल वरच्या गोदामात कोरडा होता, पण बाहेरगावच्या ज्या दुकानदारांनी साइटवर बघून मागवला असता त्यांना साइट नीट उघडतच नव्हती. ते मला अजून लागतं.

म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कोणाच्या होमस्टेची साइट असेल, हापूसची ऑर्डर घेणारी असेल, पतसंस्थेची असेल, त्यांच्या उपयोगी पडेल.

आधी मागणी. सर्वरवर दोन किल्ल्यांची जोडी तयार होते, प्रायव्हेट आणि पब्लिक. सीएसआर म्हणजे अर्ज, त्यात पब्लिक की, डोमेनचं नाव, गाव-राज्य-देश असे तपशील असतात आणि त्यावर प्रायव्हेट कीने सही केलेली असते, प्रायव्हेट की स्वतः मात्र त्यात नसते. तलाठ्याकडे दाखल्याला अर्ज करताना आपण सही देतो, हात तोडून देत नाही, तसं. त्यामुळे सीएसआर मेलवर गेला, व्हॉट्सअ‍ॅपवर गेला, काही बिघडत नाही. की मात्र जाता कामा नये. काही विक्रेते आपल्याच वेबसाइटवर की आणि सीएसआर दोन्ही बनवून देतात, सोपं पडतं म्हणून लोक घेतात, मी कधीच घेत नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत परदेशातल्या एका विक्रेत्याने ग्राहकांच्या सुमारे २३ हजार प्रायव्हेट की चक्क ईमेलने पाठवल्या होत्या, मग नियमाप्रमाणे ती सगळी सर्टिफिकेटं चोवीस तासांत रद्द करावी लागली. दुसऱ्याने बनवलेली की दुसऱ्याकडे राहू शकते, इतका साधा मुद्दा आहे.

आरएसए प्रकारची की घेत असाल तर २०४८ बिटची चालते, त्याच्या खाली कोणी सर्टिफिकेट देत नाही. अर्जात लोकांची चूक होते ती नावांत. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू सकट आणि त्याशिवाय, दोन्ही नावं यायला हवीत, आणि ती सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम या रकान्यात, कारण २०१७ पासून क्रोम कॉमन नेम या जुन्या रकान्याकडे बघतच नाही. वाइल्डकार्ड, म्हणजे एका डोमेनच्या सगळ्या उपनावांना चालणारं सर्टिफिकेट, घेतलं तरी ते मूळ नावाला आपोआप लागू होत नाही, मूळ नाव वेगळं घालावं लागतं. गाव-तालुका-कंपनी यावर रात्र घालवू नका, फक्त डोमेनची मालकी तपासून मिळणाऱ्या साध्या डोमेन व्हॅलिडेटेड सर्टिफिकेटात ते तपशील छापलेच जात नाहीत.

आयआयएस वर अर्ज केला की एक मधला काळ येतो, सीएसआर गेलाय आणि सर्टिफिकेट यायचंय, तो सगळ्यात नाजूक. की त्या वेळी पेंडिंग रिक्वेस्टच्या रूपात मशीनमध्ये बसलेली असते, तोवर कोणी विंडोज परत टाकली, किंवा नको ते साफ करताना ती रिक्वेस्ट डिलीट केली, तर येणारं सर्टिफिकेट अनाथ. रिफ्रेश केल्यावर नाव गायब होतं ते ह्याच कारणाने. की मशीनवर कुठेतरी शिल्लक असेल तर विंडोजमधल्या सर्टयुटिल या हत्याराची रिपेअरस्टोअर कमांड सर्टिफिकेटच्या सिरियल नंबरने चालवून ती दोघं परत जुळतात, मी एका होमस्टेसाठी हे केलंय आणि जुळली. पण शिल्लक असेल तरच. आणि ज्या मशीनवर अर्ज केला त्याच मशीनवर सर्टिफिकेट पूर्ण करायचं, हे पण इथेच सांगून टाकतो.

सर्टिफिकेट बसलं की त्याच दिवशी बॅकअप, दुसऱ्या दिवशी नाही. सर्वर सर्टिफिकेट्सच्या यादीत उजवं क्लिक, एक्स्पोर्ट, पासवर्ड, आणि पीएफएक्स फाइल मिळते. पीएफएक्स मध्ये सर्टिफिकेट आणि की एकत्र असतात, सीईआर किंवा सीआरटी फाइलमध्ये नुसतं सर्टिफिकेट, हा फरक मला चिपळूणने शिकवला. एक्स्पोर्टमध्ये की घेण्याचा पर्याय फिकट दिसत असेल तर की एक्स्पोर्टेबल म्हणून बनलेली नाही, अशा वेळी नवा अर्ज करून रीइश्यू घेतलेलं बरं, तेही सगळं सुरळीत चालू असताना. सर्टिफिकेट उघडून बघा, खाली बारीक किल्लीचं चित्र आणि तुमच्याकडे ह्याची प्रायव्हेट की आहे अशी इंग्रजी ओळ दिसते, ती दिसल्याशिवाय मी उठत नाही. लिनक्सवाल्यांनी सर्टिफिकेट आणि की दोन्हीतून पब्लिक की काढून ताडून बघायची, जुळली तर जोडी खरी. आणि मधली साखळी, म्हणजे इंटरमीजिएट सर्टिफिकेट, ती पण सोबत ठेवायची. ती सर्वरवर नसेल तर आपल्या लॅपटॉपवर साइट नीट उघडते कारण ब्राउझरने ती आधी कुठूनतरी आणून ठेवलेली असते, आणि गिऱ्हाइकाच्या अँड्रॉइड फोनवर नेमकी उघडत नाही, मग आपण म्हणतो त्याचंच नेट खराब.

पीएफएक्सचा अजून एक फास. नव्या मशीनवर किंवा ओपनएसएसएल ३ या प्रोग्रॅमने केलेली पीएफएक्स एईएस-२५६ नावाच्या नव्या कुलपाने बंद झालेली असू शकते, आणि ती विंडोज सर्वर २०१६ सारख्या जुन्या मशीनवर टाकली की ते म्हणतं पासवर्ड चुकीचा आहे. पासवर्ड बरोबरच असतो, त्या बिचाऱ्या मशीनला ते कुलूप उघडता येत नाही. संध्याकाळभर मी आणि मामेभाऊ पासवर्डातलं कॅपिटल-स्मॉल तपासत बसलो होतो. जुन्या सर्वरसाठी करत असाल तर एक्स्पोर्ट करताना ट्रिपलडीईएसचं कुलूप निवडा. ते कुलूप आता जुनं समजलं जातं म्हणून पासवर्ड लांब ठेवा आणि फाइल कुठे ठेवताय तिकडे दुप्पट लक्ष द्या.

कुठे ठेवायची म्हणाल तर मी दोन प्रती करतो. एक पेनड्राइव्ह, सिलिका जेलच्या पुडीसकट झिपच्या पिशवीत, मग स्टीलच्या डब्यात, आणि डबा माळ्यावर. आपल्या खाऱ्या हवेत नुसता ड्रॉवरमध्ये टाकलेला पेनड्राइव्ह दोन पावसाळ्यांत गंजलेला बघितलाय मी, त्यामुळे दर आगोटीला तो नवीन भरतो, जुन्यावर विसंबत नाही. दुसरी प्रत ताईकडे पुण्याला. पूर आला, वादळ आलं, तर दोन्ही प्रती एकाच नदीच्या खोऱ्यात नकोत. पासवर्ड डब्यात ठेवायचा नाही, तो कागदावर लिहून वेगळ्या जागी, आमचा घरपट्टीच्या पावत्यांच्या फाइलमध्ये आहे. सर्वरवर लिनक्स असेल तर कीच्या फाइलला ६०० ची परमिशन, म्हणजे मालकाशिवाय कोणी वाचू नये. आणि की बाहेर गेली असा नुसता संशय आला तरी लगेच सर्टिफिकेट रिव्होक, म्हणजे रद्द, करून नवी घ्यायची, २०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीडचं भगदाड कळलं तेव्हा जगभर लोकांनी तेच केलं, कारण त्यातून सर्वरच्या मेमरीतली की बाहेर पडू शकत होती.

आता आमच्या बाजूच्या बऱ्याचशा साइट लेट्स एनक्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेवर आहेत. २०१५ च्या डिसेंबरात ते सगळ्यांना खुलं झालं, फुकट, नव्वद दिवसांचं सर्टिफिकेट आणि मागणी-नूतनीकरण सगळं सर्टबॉट नावाचा प्रोग्रॅम आपोआप करतो. काकांच्या हापूसच्या साइटला मी हेच लावलं. इथे बॅकअपचा अर्थ जरा बदलतो, कारण सर्टबॉट प्रत्येक नूतनीकरणाला बहुतेक वेळा नवी की बनवतो, तुम्ही मे मध्ये ठेवलेली की श्रावणात जुनी झालेली असते. तरी मी अख्खा लेट्सएनक्रिप्टचा फोल्डर ठेवतो, त्यात खात्याची की असते आणि कुठल्या साइटचं नूतनीकरण कसं करायचं त्याच्या फाइल असतात. कॉपी-पेस्ट करू नका मात्र. लाइव्ह नावाच्या फोल्डरमध्ये खऱ्या फाइल नसतात, अर्काइव्हकडे बोट दाखवणाऱ्या लिंक असतात, आणि साध्या पेनड्राइव्हच्या फॅट फॉरमॅटला त्या लिंक सांभाळता येत नाहीत. आधी टार करून एकच गठ्ठा करायचा, तो एनक्रिप्ट करायचा, मग हलवायचा.

हापूसच्या साइटवर एकदा नूतनीकरण अडलं होतं, भर एप्रिलमध्ये. कोणीतरी सुरक्षेसाठी म्हणून पोर्ट ८०, म्हणजे सर्वरचं साध्या, बिनकुलपाच्या वेबचं दार, बंद केलं आणि लेट्स एनक्रिप्ट तर तपासणीची फाइल त्याच पोर्टवरून वाचायला येतं. काका सकाळी पाच वाजता फोनवर, "अरे, मुंबईची माणसं विचारतायत, साइट धोक्याची आहे म्हणून दाखवतेय, पेट्या भरून तयार आहेत इथे!" त्या वेळी घाईत पुन्हा पुन्हा सर्टिफिकेट मागत सुटू नका, त्याच नावांच्या संचाला आठवड्यात पाचच मिळतात, मग दार बंद. ड्राय रन, म्हणजे नुसती तालीम, करून बघायचं, ते चाचणीच्या सर्वरवर जातं आणि या मोजणीत धरत नाही. मुदत संपत आल्याचे मेल लेट्स एनक्रिप्टने ४ जून २०२५ पासून बंद केलेत, तेव्हा आता लक्ष आपलं आपणच ठेवायचं. माझ्याकडे एक छोटी स्क्रिप्ट रोज सकाळी सगळ्या साइटच्या तारखा बघते आणि वीस दिवसांच्या आत काही आलं तर मला मेसेज टाकते.

मामाची साइट अजून विकतच्या सर्टिफिकेटवर आहे आणि तिथे यंदा नवीन गोष्ट आलीय. १५ मार्च २०२६ पासून कुठलंही सार्वजनिक सर्टिफिकेट २०० दिवसांच्या वर मिळत नाही, २०२७ च्या १५ मार्चपासून १००, आणि २०२९ च्या १५ मार्चपासून ४७. आधी ३९८ मिळत होते, म्हणजे आगोटीला एकदा केलं की पुढची आगोट. यंदा २० मेला घेतलं ते ६ डिसेंबरपर्यंत जातं, पाऊस, गणपती, दिवाळी सगळं ओलांडून, तेवढं चालून जाईल. पण पुढच्या वर्षी २० मेला घेतलेलं २८ ऑगस्टला संपणार, लाइट गेलेली, नेट गेलेलं, अशा ऐन पावसात. तेव्हा हाताने अर्ज, हाताने एक्स्पोर्ट, हे आता फार वर्षं चालायचं नाही, मामाच्या सर्वरलाही आपोआप नूतनीकरण लावावंच लागणार आहे, आणि मी ते दिवाळीच्या आत करणार आहे.

म्हणून डब्यात काय ठेवायचं तेही बदललंय. कीची प्रत आहेच, पण त्याहून जास्त जीव मी आता दुसऱ्या गोष्टींत घालतो. डोमेनच्या लॉगिनचे रिकव्हरी कोड कागदावर, लॅमिनेट केलेले. ओटीपीचा नंबर एकाच माणसाच्या एकाच फोनवर नको म्हणून दुसरा नंबर ताईचा. डोमेनच्या पडताळणीचा मेल त्याच सर्वरवर नको म्हणून तो बाहेर हलवला. डीएनएस नोंदींची छापील प्रत. अकरा दिवस गेले ते कीपेक्षा ह्या गोष्टींत गेले होते, की हरवल्याचं दुखणं नव्या कीने एका तासात बरं झालं असतं.

अजून एक, हे फार कोणी सांगत नाही. तौक्ते वादळाच्या वेळी, मे २०२१ ला, आमच्याकडे कितीतरी दिवस लाइट नव्हती. लाइट आल्यावर एका होमस्टेचा जुना कॉम्प्युटर सुरू केला तर सगळ्या साइट सर्टिफिकेट चुकीचं म्हणायला लागल्या. मदरबोर्डची बॅटरी संपलेली, तारीख मागे कुठल्याकुठे गेलेली, त्या तारखेला ती सर्टिफिकेटं जन्मलीच नव्हती. मदरबोर्डवरची ती चपटी गोल बॅटरी, सीआर२०३२, घड्याळाच्या दुकानात मिळते. डब्यात दोन ठेवा.

काल संध्याकाळी यंदाची तपासणी केली. बॅकअप आहे असं म्हणणं आणि तो उघडतो हे बघणं यात चिपळूणचे अकरा दिवस आहेत, म्हणून दरवर्षी कोऱ्या मशीनवर उघडून बघतोच. पडवीत जुना लॅपटॉप लावला, त्यावर कोरी विंडोज सर्वर, पेनड्राइव्हमधून पीएफएक्स टाकली, ताईला फोन करून तिच्याकडच्या प्रतीतूनही एकदा टाकायला लावली, दोन्ही वेळा किल्लीचं चित्र दिसलं. होस्ट्स फाइलमध्ये मामाच्या साइटचं नाव ह्या लॅपटॉपकडे वळवलं, ब्राउझरमध्ये कुलूप आलं, तारीख ६ डिसेंबर. ती तारीख पासवर्डाच्या कागदावर लिहिली, डब्याचं झाकण लावलं, शिडी धरायला आईला हाक मारली. आभाळ दक्षिणेकडून भरून आलं होतं आणि झापं अजून अर्धीच बांधून झाली होती, ती आता बांधायला जातो.